अधूनमधून माहेरी येतात

मी तलाठी आहे. आमच्या पदाचं नाव मध्यंतरी बदललं, कचेरीवर नवी पाटीही लागली, पण गावोगावी लोक अजून तलाठीच म्हणतात आणि मीही त्याच हाकेला ओ देतो. इतक्या वर्षांत किती पंचनामे केले, किती अहवाल लिहिले, आठवत नाही. एक अहवाल मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. त्यातल्या महत्त्वाच्या ओळी दोनच:

"सदर अर्जदार विवाहित असून पतीसोबत पुणे येथे वास्तव्यास आहेत. मौजे मजकूर येथे त्या अधूनमधून माहेरी येतात."

मौजे मजकूर म्हणजे आमचं गाव. या दोन ओळींनी एका निवृत्त लेफ्टनंट कर्नलचं पद हुकलं. ती लेफ्टनंट कर्नल शाळेत माझ्या वर्गात होती. ही गोष्ट मी आजवर घरात एकदा आणि कामात एकदा, अशी दोनदाच बोललो. मी फार बोलणारा माणूस नाही. पण आता लिहायला बसलोच आहे, तर काही मागे ठेवणार नाही.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. गच्चीवर चढलं की गिरडची टेकडी दिसते. गावाच्या मधून नाला जातो. अलीकडे आम्ही शेतीवाले, मारुतीचं देऊळ, बसथांबा, पानठेला. पलीकडे बौद्ध वस्ती आणि विहार. वस्तीत आता निम्मी घरं नोकरदारांची आहेत, कोणी शिक्षक, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत. नाल्यावर पूल आहे. पलीकडची माणसं दूध, दुकान, बस यासाठी दिवसातून चारदा तो ओलांडून इकडे येतात. इकडची माणसं तिकडे जात नाहीत. कोणी मनाई केलेली नाही. काम पडत नाही, असं आम्ही म्हणतो. पूल दोन्हीकडून सारख्याच लांबीचा आहे.

शाळा एकच होती. पाचवीपासून दहावीपर्यंत ती पहिली आली आणि मी दुसरा. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन घरी गेलो, तर वडील म्हणाले, "दुसरा आला ते ठीक हाये. पण कोणाच्या मागं आला ते पाह्य." पेढा त्यांनी खाल्ला. वाक्य मी गिळलं, ते अजून पोटात आहे.

पुढे मी सैन्यभरतीला उतरलो. वर्ध्याच्या मैदानावर धावलो, शेवटच्या फेरीत दम तुटला, बाहेर झालो. दोनेक वर्षांनी तिची निवड झाल्याचं पेपरात आलं, तीही थेट अधिकारी म्हणून. त्या आठवड्यात मी पेपर घरी आणला नाही. मग तलाठ्याची परीक्षा दिली, लागलो, लग्न केलं, वर्ध्याला लागून सिंदी मेघेला घर बांधलं. ती कुठेकुठे राहिली ते मला कळायचं ते आईकडून. "तिकडची पोरगी म्हणे आता काश्मिरात हाये. साहेब हाये म्हणे. माणसं सलाम मारतात तिले." आई हे कौतुकानंच सांगायची. मी म्हशीचा विषय काढायचो.

मग तिच्या आईला अर्धांगवायू झाला. घरात दुसरं कोणी नाही. तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि गावात येऊन राहिली. नवरा पुण्याला नोकरीत. सुट्टी मिळाली की तोच इकडे यायचा. अलीकडच्या लोकांना याची मोठी मौज वाटायची. बायको माहेरी आणि जावई महिन्या-दोन महिन्यांनी पिशवी घेऊन बसमधून उतरणारा. बस आली की पानठेल्यावरून कोणीतरी म्हणायचंच, "आले, कर्नलीनबाईचे साहेब आले." तो बिचारा हात जोडून नमस्कार करायचा आणि पूल ओलांडायचा.

वर्षभरानं तिची आई गेली. ती मात्र गावातच राहिली. आजूबाजूच्या गावांतले जुने सैनिक, सैनिकांच्या विधवा तिच्याकडे कागद घेऊन यायला लागल्या. कोणाचं नाव पेन्शनच्या कागदात चुकलेलं, कोणाचं कुटुंबाचं कार्ड हरवलेलं. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि एकेकाचा अर्ज लिहून द्यायची. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं मी पुढे वागलो, म्हणून इथे स्पष्ट सांगतो: सगळं माहीत होतं.

त्या सुमाराला जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांचं काम पाहणारं मोठं पद रिकामं झालं. सैन्यातल्या वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांतूनच ते भरायचं होतं. जाहिरातीत एक अट होती की उमेदवाराचं निवडीआधी निदान वर्षभर जिल्ह्यात प्रत्यक्ष वास्तव्य हवं. ही अट जुन्या सैनिकांनीच मागून घेतलेली होती. आधीचे साहेब बाहेरगावाहून येऊन-जाऊन काम करायचे. म्हातारी बाई दोन बस बदलून वर्ध्याला पोचायची आणि शिपाई सांगायचा, साहेब पुढच्या सोमवारी. फौजेत वरिष्ठानं आपल्या माणसांजवळ राहायचं असतं, मग इथे काऊन नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. मी जे केलं ते अट वाईट होती म्हणून केलं नाही.

तिनं अर्ज केला. वास्तव्याचा दाखला हवा होता, त्यासाठी तहसीलनं तलाठ्याचा चौकशी अहवाल मागितला. आम्हाला स्वतःच्या गावचा साझा, म्हणजे तलाठ्याकडे दिलेला गावांचा गट, सहसा देत नाहीत. पण तिथला तलाठी लांबच्या रजेवर गेलता, म्हणून आठ महिने आमचं गाव माझ्याकडे जादा होतं. कागद माझ्याच हातात आला. नाव वाचलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. आता हिला माझी सही लागते, असं वाटलं. चांगलं वाटलं.

नियम साधा आहे. अर्जदाराच्या घरी जायचं, घर पाहायचं, शेजारपाजारच्या दोन पंचांचे जबाब घ्यायचे. मी मोटारसायकलनं पुलापर्यंत गेलो. तिथूनच तिचा ओटा दिसत होता. ओट्याखाली दहा-बारा जोड चपला होत्या. नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या, एक काठीवाला, आणि ती चष्मा लावून कोणाचातरी कागद वाचून राह्यली होती. तिनं मान वर केली. मला पाहिलं की नाही, तेव्हा कळलं नाही. मी गाडी वळवली.

पानठेल्यावर येऊन दोन पंच घेतले. एक पानठेलेवाला, दुसरा आमच्या चुलतघराण्यातला, दोघेही सरळ माणसं. विचारलं, कर्नलबाई गावात राहतात का.

पानठेलेवाला पानाला चुना लावत म्हणाला, "मायच्या घरी येते ना. पण लेक हाये जी ते. लग्न झालं, आता ते पुण्याची."

चुलतभाऊ हसला. "जावईच येऊन राह्यला इकडे. उलटा कारभार."

"मंग काय लिहू?"

"लिहा ना, माहेरी येते म्हणून. खोटं थोडी हाये."

खोटं नव्हतंच. त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी सांगितलं. लग्न झालेली लेक आईच्या घरी दहा वर्षं राहिली तरी आमच्याकडे ती आलेलीच असते, राहत कधीच नसते. आणि त्या दोघांनी आयुष्यात तो पूल ओलांडला नव्हता. ज्यांना दिसणं शक्य नाही अशा माणसांना मी निवडून विचारलं, हा माझा भाग. अहवाल मी ठेल्याच्या फळीवर, सुपारीच्या डब्याशेजारी लिहिला. दोघांनी सह्या केल्या. पान मिळालं.

माझ्यावर कोणी दबाव आणला नव्हता. कोणाचा फोन नाही, कोणाची चिठ्ठी नाही. असती तर मला आज बरं पडलं असतं, अर्धं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देता आलं असतं. ती नाल्यापलीकडची म्हणून केलं का? हो. बाई म्हणून? हो. पहिली आली म्हणून? तेही. कोणतं कारण किती मोठं ते वेगळं काढता येत नाही, आणि वेगळं काढून मला काही सूटही नको आहे.

दाखला नाकारला गेला. अर्ज छाननीतच बाद झाला. आठवड्यानं ती माझ्या कचेरीत आली. उभीच राहिली. हातात अहवालाची नक्कल होती.

"तलाठी साहेब, हे पंच कोणत्या मोहल्ल्यातले?"

मी म्हणालो, गावातलेच. त्यांनी सांगितलं ते लिहिलं.

"अट चांगली हाये," ती म्हणाली. "मी असती तं मीही ठेवली असती. अपील करीन तोवर मुलाखती होऊन जातील, हे तुम्हाले माहीत असंलच." नक्कल घडी करून तिनं पर्समध्ये ठेवली. "त्या दिवशी पुलावरून गाडी काऊन फिरवली होती?"

मी दौत-पेन सरळ करत बसलो. दौतीत शाई नसते हल्ली, नुसती ठेवलेली असते. ती गेली.

पद दुसऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्याला मिळालं. माणूस भला होता. त्यांनी शहरात भाड्यानं घर घेतलं होतं, करारनामा होता, दाखला मिळाला. पण त्यांचं मन मुलाकडे होतं, नि तब्येतही साथ देईना. आमच्या म्हाताऱ्या बाया पुन्हा सोमवारची वाट पाहू लागल्या. पलीकडच्या ओट्याखालच्या चपला काही कमी झाल्या नाहीत. मी गावी गेलो की पुलाकडे बघायचं टाळायचो. चार वर्षं टाळलं.

मग पुन्हा जाहिरात आली. तेच पद, तीच अट. सिंदी मेघेच्या घरी सकाळी चहा घेताना मी ती वाचली आणि काय झालं कोण जाणे, बायकोला सगळं सांगायला लागलो. मी ते असं सांगितलं जसं आम्ही वरिष्ठांना सांगतो. नियम असा, पंच असे, जबाब असे. तिनं मधेच कप खाली ठेवला. तिचं माहेर गिरडजवळ. तिथे तिची आई एकटी असते, वय झालं आहे.

"उद्या मायजवळ जाऊन राह्यली मी, दोन वर्ष, पाच वर्ष, तं तुम्ही मलेही पाहुणीच लिहसान का?"

मी म्हणालो, तुझी गोष्ट वेगळी.

"काऊन वेगळी? मी तुमच्या पुढं पहिली नाई आली म्हणून?"

वडिलांचं ते वाक्य मी तिला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं सांगितलं असेल. तिनं चहा संपवला, कप उचलले आणि आत जाताना एवढंच म्हणाली, "आपल्या हातचं हाये तं आपणच धुवाव."

आमच्या गावचा साझा तोवर एका नव्या तलाठी मुलीकडे गेला होता. मराठवाड्यातून आलेली, आमची बोली अजून शिकून राह्यली होती. तहसीलच्या बैठकीत तिनंच मला गाठलं. कर्नलबाईंनी पुन्हा अर्ज केला होता आणि त्याला जुना अहवाल जोडलेला होता, वर लाल शाईत शेरा, 'मागील चौकशी प्रतिकूल'.

"सर, हा तुमचाच ना? आता मी वेगळं लिहिलं तर दोन अहवालांत फरक पडेल. वरून विचारतील."

"विचारू दे," मी म्हणालो. "मी सांगतो काय ते. तू घरी जाऊन पाहा. मीही येतो."

पूल पायी ओलांडला. एवढासा पूल, पण अर्ध्यावर मला भरतीच्या मैदानातल्या त्या शेवटच्या फेरीची आठवण झाली. या वेळी थांबलो नाही. पानठेलेवाल्यानं मागून हाक मारली, तिकडे कुठं जी, म्हणून. कामानं, म्हणालो.

ती अंगणातच होती, लिंबूच्या झाडाला आळं करून राह्यली होती. मला पाहिलं, खुरपं खाली ठेवलं.

मी माफीचं काहीतरी सुरू केलं. घरून जुळवून आणलं होतं. तिनं दोन वाक्यं ऐकली.

"ते मंग. पहिले घर पाह्य. तुझं राहिलं होतं ते." चाळीस वर्षांनी ती मला तू म्हणाली. "आणि च्या घेशीन ना? का त्याचं काम पडत नाई?"

चहा घेतला. त्या घरात आमच्या घराण्यातल्या माणसानं घेतलेला तो पहिला चहा असावा. साखर जास्त होती.

मग आम्ही घर पाहिलं. नवी तलाठी वीजबिल आणि मतदारयादी पाहत होती, आणि मी माझ्या सवयीनं पाहत होतो. उभं पीक पाहून पेरणी कधीची ते सांगण्यात माझी नोकरी गेली आहे. अंगणातलं लिंबाचं झाड फळावर होतं. कलम असलं तरी त्याला तीन-चार वर्षं लागतात, आणि पाणी रोज कोणाला तरी घालावं लागतं. स्वयंपाकघरात गंजात, म्हणजे पातेल्यात, विरजण लावलेलं होतं. येऊनजाऊन राहणाऱ्याच्या घरी विरजण टिकत नाही. उंबऱ्याचा दगड विळ्याला धार लावून लावून खोलगट झाला होता. आईच्या फोटोखाली तिचं पदक होतं आणि त्याच्या शेजारी लोकांच्या कागदांच्या फायली, गावांप्रमाणे लावलेल्या. मी पुलावरून वळलो त्या दिवशी एवढं सगळं पाहायला अर्धा तास पुरला असता.

पंचांची वेळ आली. नव्या तलाठीनं शेजारच्या निवृत्त मास्तरांना बोलावलं. दुसरा पंच कोण म्हणून ती इकडेतिकडे बघायला लागली. मी म्हणालो, मी होतो. पहिला अहवाल माझा होता, दुसऱ्यावर सही माझी असलेली बरी. मला ते फार शोभेल असं वाटलं होतं.

तिनं पेन पुढे केलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "सर, तुम्ही याच गावात राहता ना?"

माझ्या तोंडात हो तयार होता. गाव माझंच आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, देवळाच्या पाटीवर वर्गणीदारांत वडिलांचं नाव आहे, पानठेल्यावर विचारलं तर दहा माणसं सांगतील की हा इथलाच. मी गेली बावीस वर्षं सिंदी मेघेला राहतो. पोळ्याला येतो, शेत पाहायला येतो, संध्याकाळच्या आत परत जातो. मला कोणी कधी पाहुणा म्हटलं नाही. मी मुलगा आहे. मुलगा कुठेही राहिला तरी इथलाच राहतो.

दाराला टेकून कर्नल माझ्याकडे बघत होती. मदत करत नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "मी इथं राहत नाही. अधूनमधून येतो."

नवी तलाठी गोंधळली. पेन मागे घ्यावं की नको, तिला कळेना.

"मंग तुझी सही पंचात नाई चालायची," कर्नल म्हणाली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. रागाची जागा तिथे होती पण राग बसलेला नव्हता. ती नव्या तलाठीकडे वळली. "याचा वेगळा जबाब घे, पोरी. हा जसा सांगते तसाच घे. आणि पंच म्हणून पलीकडून त्या पानठेलेवाल्याले बोलाव."

तो यायला वीस मिनिटं लागली. निरोप घेऊन मास्तर गेले होते, त्यांना म्हणे त्यानं दोनदा विचारलं, तिकडेच यायचं का. आला तो पुलाच्या या टोकाला जरा थांबला, मग हात पुसत आला. अंगण पाहिलं, लिंबू पाहिलं, ओट्याखालच्या चपलांत त्याला एक जोड ओळखीचा दिसला.

"ह्या तं आमच्या मावशीच्या," तो म्हणाला.

मावशी आतून कागद घेऊन बाहेर आली. तिचा मालक फौजेत होता. ती दोन वर्षं या ओट्यावर येत होती, आणि भाच्याला पत्ता नव्हता.

"तू कुठं येतं इकडे," ती त्याला म्हणाली, "तुले काय माहीत राह्यणार."

त्यानं खाली मान घालून सही केली.

मी ओट्यावर बसून माझा जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. मागील चौकशीच्या वेळी मी अर्जदाराच्या घरी गेलो नाही. पंच नाल्याच्या दुसऱ्या बाजूचे मुद्दाम घेतले. अर्जदार येथे राहतात हे मला तेव्हा ठाऊक होते. तीन वाक्यं. सही, तारीख. इतकं सरळ मी नोकरीत दुसरं काही लिहिलेलं नाही. माफीचं मग मी पुन्हा काढलं नाही. तिनंही विचारलं नाही.

वरून खुलासा मागवला, तो दिला. सेवापुस्तकात ताकीद चढली. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना पहिली ताकीद, सहकारी म्हणाले काय गरज होती. गरज होती, म्हणालो, आणि चहा मागवला. ती ताकीद मला लाजिरवाणी वाटत नाही. लाजेची नोंद तिच्या चार वर्षं आधीची आहे, आणि तिथे शेरा 'काम समाधानकारक' असा आहे.

तिला दाखला मिळाला, मुलाखत झाली, पद मिळालं. आता ती वर्ध्याला बसते आणि राहते गावातच. सकाळी स्वतः गाडी चालवत पूल ओलांडून निघते. नालवाडीच्या फाट्यावर कधी समोरासमोर आलो तर ती हॉर्न देते. सुट्टीच्या दिवशी ओटा चालूच आहे.

नव्या तलाठीनं तिचा अहवाल पाठवण्याआधी मला वाचायला दिला होता, सर एकदा बघा म्हणून. पानभर होता. पण तहसीलनं ज्याच्यावर खूण केली ती ओळ एकच होती: 'सदर अर्जदार मौजे मजकूर येथे राहतात.' मी दोनदा वाचली. दुरुस्तीला जागा नव्हती.